वर्गातला पडदा कोणाच्या हातात?

समजा, देऊळघाटच्या एखाद्या शाळेतील शिक्षिकेने ठरवले की यंदा आठवीच्या मुलामुलींना ताराबाई शिंदे शिकवायच्या. बुलडाण्याजवळ पैनगंगेच्या काठी वसलेले हे गाव. बौद्ध, मुस्लिम, हिंदू अशी सरमिसळ वस्ती. एका घरात मराठी, तर पलीकडच्या घरात उर्दू. शाळेत संगणक आहे, प्रोजेक्टर आहे आणि दोन्ही चालू आहेत असेही आपण धरून चालू. (हे धरून चालणे किती मोठे आहे, ते खेड्यात नोकरी करणाऱ्या शिक्षकांना सांगायला नको.) बाईंना पॉवरपॉइंटवर दहा-बारा स्लाइडचा पाठ तयार करायचा आहे.

ताराबाई याच जिल्ह्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे बुलडाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक समाजाचे सभासद. १८८१ साली सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेला अर्भकहत्येबद्दल शिक्षा झाली आणि त्या निमित्ताने वृत्तपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले. ते वाचून बुलडाण्यात बसलेल्या या बाईने लेखणी उचलली आणि १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक लिहून पुरुषी धर्मशास्त्राला भर चौकात जाब विचारला. पुस्तकाची टिंगल झाली. आपल्यातल्याही काहींनी नाके मुरडली. जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली आणि टिंगल करणाऱ्यांचे कान उपटले. त्यानंतर मात्र ते पुस्तक जे गडप झाले, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत. मध्ये ९३ वर्षे गेली. कोणत्या सरकारने त्यावर बंदी घातली नव्हती, कोणी त्याची होळी केली नव्हती. फक्त कोणी छापले नाही, कोणी शिकवले नाही, कोणी नाव घेतले नाही. बुलडाण्यातल्या शाळांत तीन-चार पिढ्या शिकून बाहेर पडल्या आणि त्यांना आपल्या गावची ताराबाई माहीत नव्हती.

सेन्सॉरशिप म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे सरकारी हुकूम येतो, पोलीस येतात, ‘हे संकेतस्थळ उपलब्ध नाही’ अशी पाटी येते. ती आहेच. परंतु बहुजन समाजाच्या वाट्याला जी सेन्सॉरशिप शतकानुशतके आली, ती बहुतांशी विनाहुकमाची होती. १९२० साली बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊ केले तरी ‘केसरी’ने छापली नाही. त्यासाठी कोणता कायदा लागला? छापखाना ज्याचा, शब्द त्याचा. आज छापखान्याच्या जागी पडदा आला आहे. मोबाइलचा पडदा, संगणकाचा पडदा, वर्गातल्या भिंतीवरचा पांढरा पडदा. तो कोण पेटवतो, कोण विझवतो आणि त्यावर कोणाने तयार केलेला मजकूर दिसतो, हा प्रश्न शिक्षणखात्याच्या सामान-खरेदीचा म्हणून सोडून देता येणार नाही.

पॉवरपॉइंटला आमचा विरोध नाही, हे आधीच सांगितलेले बरे. हा प्रोग्रॅम १९८७ साली अमेरिकेत आला तो कंपन्यांच्या बैठकांसाठी. माल खपवणाऱ्याने साहेबासमोर चार ओळी आणि एक तक्ता दाखवावा, एवढाच त्याचा जन्महेतू. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने तो विकत घेतला आणि पुढे तो जगभरच्या शाळा-महाविद्यालयांत शिरला. आपल्याकडे तो आला एमएस-सीआयटीच्या वर्गांतून. सरकारी कारकुनीसाठी ते प्रमाणपत्र लागते म्हणून आपल्या हजारो मुलामुलींनी पोटाला चिमटा काढून फी भरली, आणि शिकले काय? अक्षरे उजवीकडून उडत कशी आणायची, स्लाइड बदलताना टाळ्यांचा आवाज कसा घालायचा! त्या अक्षरांतून सांगायचे काय, हे शिकवणे अभ्यासक्रमात नव्हते.

तरीही हे साधन हातात घेण्यासारखे आहे. पाठ्यपुस्तक मंडळाने छापलेला धडा शिक्षकाला बदलता येत नाही. स्लाइड मात्र त्याची स्वतःची असते. देऊळघाटच्या मुलीला पाठ्यपुस्तकात आपले गाव कधी दिसणार नाही, पण बाईंच्या स्लाइडवर ते दिसू शकते. पैनगंगा दिसेल, जिजाऊंचे सिंदखेडराजा दिसेल, बुलडाण्याच्या ताराबाई दिसतील. आणि बाईंनी मनावर घेतले तर पुढची स्लाइड ती मुलगी स्वतः तयार करील, वर्गासमोर उभी राहून बोलेल. ज्यांच्या आज्यांना वर्गाच्या दारात उभे राहू दिले नाही, त्यांच्या नातीने वर्गाच्या पुढे उभे राहून शिकवायचे, हे आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. म्हणून शाळेत डबाबंद पाठ आला की आम्ही सावध होतो. खासगी कंपन्यांचे तयार ‘ई-कंटेंट’ पेनड्राइव्हमध्ये येते, शिक्षक बटण दाबतो, पडदा बोलतो, पोरे बघतात. त्या पाठात काय नाही, हे विचारायला कोणाला सवड आहे?

स्लाइडच्या घडणीतही एक खोड आहे, ती आपल्या शिक्षकांनी ओळखली पाहिजे. महाडचे उदाहरण घ्या. स्लाइडवर तीन ठिपके येतात: ‘२० मार्च १९२७. चवदार तळे. पाण्याचा हक्क मिळाला.’ मुले वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात, गुण मिळतात. पण त्या तीन ठिपक्यांत काय काय गळाले ते पाहा. पाणी पिऊन परतणाऱ्या आपल्या माणसांवर, ते वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवून, लाठ्याकाठ्यांनी हल्ला झाला. कोणी केला? तळे बाटले म्हणून शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून ते ‘शुद्ध’ केले गेले. कोणी केले? प्रकरण कोर्टात गेले आणि शेवटचा निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. दहा वर्षे कोणी अडवून धरले? ठिपक्यांच्या भाषेला कर्ता नसतो. ‘सत्याग्रह झाला’, ‘तळे खुले झाले’, ‘अन्याय दूर झाला’. अत्याचार आपोआप होतात आणि हक्क आपोआप मिळतात, असे मुलांच्या मनावर ठसते. अशा स्लाइडवर बंदी घालायची कोणाला गरजच उरत नाही.

ही केवळ आमची तक्रार नाही. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान कोसळून कल्पना चावलासह सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. चौकशी मंडळाने त्याच वर्षीच्या अहवालात स्पष्ट म्हटले की नासात सविस्तर तांत्रिक टिपणांऐवजी पॉवरपॉइंटच्या स्लाइडवर काम भागवण्याची सवय जडली होती. यानाच्या पंखाला किती इजा झाली असेल, याबद्दलची शंका एका स्लाइडच्या तळाशी बारीक अक्षरांत दडली होती. वरचा मथळा मात्र दिलासा देणारा होता. एडवर्ड टफ्टे या अभ्यासकाने त्या स्लाइडची चिरफाड केली आहे. अंतराळ शास्त्रज्ञांची ही गत, तर वर्गातल्या पोरांचे काय? तेव्हा आमचे शिक्षकांना सांगणे एवढेच: स्लाइडवर चित्र ठेवा, नकाशा ठेवा, जुन्या अंकाचे पान ठेवा, पण कोणी, कोणाला, का हे पूर्ण वाक्यात तोंडाने सांगा.

आता बाईंच्या दुसऱ्या अडचणीकडे वळू. मजकूर शोधायला त्यांना इंटरनेट हवे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीनुसार देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी जेमतेम ४.४ टक्क्यांकडे संगणक होता आणि १४.९ टक्क्यांकडे इंटरनेटची सोय. त्यानंतर स्वस्त मोबाइल आले, डेटा स्वस्त झाला, चित्र पुष्कळ बदलले. २०२० मध्ये महामारीने शाळा बंद पडल्या तेव्हा एका मोबाइलवर तीन भावंडे शिकताना आपण पाहिली. म्हणजे नेट ही आता चैनीची वस्तू उरलेली नाही. केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये, वसतिगृहातून काढलेल्या एका विद्यार्थिनीच्या खटल्यात, इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या हक्काचा भाग असल्याचे मान्य केले. तिने वसतिगृहातल्या मोबाइलबंदीला नकार दिला होता, एवढाच तिचा गुन्हा.

आणि हीच नेटची तोटी सरकार हवी तेव्हा बंद करते. आपल्याच विभागात नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत दंगल उसळली आणि नेट बंद झाले. मे २०२३ मध्ये शेजारच्या अकोल्यात तेच. जून २०२३ मध्ये शाहू महाराजांच्या कोल्हापुरात तेच. ‘ॲक्सेस नाऊ’ ही जागतिक संघटना अशा बंदचा हिशेब ठेवते. तिच्या मोजणीत २०१८ ते २०२३ अशी सलग सहा वर्षे भारत जगात पहिला होता. २०२३ मध्ये ११६ वेळा, आणि २०२४ मध्ये ८४ वेळा, तेही लष्करशाहीखालच्या म्यानमारपेक्षा फक्त एकाने कमी. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ पासून फेब्रुवारी २०२१ पर्यंत वेगवान नेट नव्हते आणि तिथले शिक्षक ऐन महामारीत कूर्मगतीच्या जोडणीवर पाठ पाठवण्याची धडपड करीत होते.

सरकार म्हणते, अफवा थांबवण्यासाठी हे करावे लागते. अफवेने माणसे मरतात, हे आम्ही नाकारत नाही. २ जून २०१४ रोजी पुण्याच्या हडपसरमध्ये मोहसीन शेख या तरुण संगणक अभियंत्याला जमावाने ठार मारले. फेसबुकवर कोणीतरी टाकलेल्या विटंबनेच्या मजकुराचे ते निमित्त होते आणि त्या मजकुराशी मोहसीनचा काडीचा संबंध नव्हता. पण मोहसीनला मारणाऱ्यांच्या हातात काठ्या होत्या. त्यांना अडवणे पोलिसांचे काम होते. साऱ्या जिल्ह्याचे नेट बंद करणे म्हणजे दंगलखोर मोकळे ठेवून साऱ्या गावाच्या तोंडाला बोळा कोंबणे. शिवाय मार खाणाऱ्याने मदत कशी मागायची?

सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात सांगितले की इंटरनेटद्वारे अभिव्यक्ती हीदेखील कलम १९(१)(अ) खाली संरक्षित आहे, बेमुदत नेटबंदी चालणार नाही आणि प्रत्येक आदेश प्रसिद्ध झाला पाहिजे. आता नियमही तसेच आहेत: एक आदेश पंधरा दिवसांहून अधिक चालू शकत नाही आणि तो जाहीर करावा लागतो. म्हणून यापुढे बुलडाणा जिल्ह्यात केव्हाही नेट बंद झाले, तर आपल्या कार्यकर्त्यांनी आणि वकिलांनी पहिल्याच दिवशी आदेशाची प्रत मागावी. कोणी सही केली, कारण काय दिले, किती तासांसाठी.

संकेतस्थळे बंद करण्याचा कायदा तर याहून अंधारातला. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९अ आणि २००९ चे नियम यांखाली केंद्र सरकार मजकूर अडवते आणि त्याच नियमांतील सोळावा नियम सांगतो की सर्व कारवाई गुप्त ठेवायची. म्हणजे आरोपी कोण, फिर्यादी कोण आणि गुन्हा काय, हे वाचकाला कळणारच नाही. श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ६६अ रद्द केले. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या ‘बंद’बद्दल फेसबुकवर साधा प्रश्न विचारला म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली, ती याच कलमाखाली. त्याच निकालात ६९अ मात्र शिल्लक राहिले, कारणे लेखी नोंदवण्याच्या अटीवर. कारणे लिहून कुलपात ठेवली तर त्यांचा उपयोग कोणाला?

चाळणी दुसऱ्याच्या हातात असली की काय होते, याचा धडा जुना आहे. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलगाड्यांत बॉम्बस्फोट झाले आणि दोनच दिवसांनी दूरसंचार खात्याने काही संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश काढला. त्या यादीत ‘दलितस्तान’ नावाचे एक संकेतस्थळ होते. त्यावरील मजकूर कोणाचा आणि कितपत विश्वासार्ह, याबद्दल आम्हाला शंका आहेत आणि त्याची वकिली आम्ही करणार नाही. पण बॉम्बस्फोटानंतरच्या बंदीच्या यादीत ‘दलित’ शब्द असलेले नाव किती सहज जाऊन बसते, ते ध्यानात घ्या. कंपन्यांना एक-एक पान बंद करता येईना, म्हणून त्यांनी ब्लॉगची अख्खी दालनेच कित्येक दिवस बंद करून टाकली. लगेच सप्टेंबरात, २९ तारखेला, भंडारा जिल्ह्यात खैरलांजी घडले. मोठ्या वृत्तपत्रांनी ते आठवडेच्या आठवडे कोपऱ्यात टाकले होते. भोतमांगे कुटुंबाच्या हत्याकांडाची छायाचित्रे आणि सत्यशोधन अहवाल आपल्या तरुणांनी ई-मेलने, ब्लॉगवरून आणि झेरॉक्स काढून गावोगावी पोहोचवले, तेव्हा महाराष्ट्र हलला. जुलैतली चाळणी ऑक्टोबरातही लावलेली असती तर? हा प्रश्न आम्हाला आजही छळतो.

दुसऱ्याच वर्षी, २००७ मध्ये, ऑर्कुटवरील शिवरायांच्या बदनामीबद्दल पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका संगणक अभियंत्याला पकडून आणले. पन्नास दिवस तो तुरुंगात होता. नंतर कळले की टेलिफोन कंपनीने संगणकाचा पत्ताच चुकीचा दिला होता.

इथवर वाचून आपल्यापैकी काहीजण म्हणतील, हे सगळे ठीक, पण बाबासाहेबांची विटंबना करणाऱ्यांचे काय? हा प्रश्न टाळून लिहिणे अप्रामाणिक ठरेल. रोज कोणीतरी माथेफिरू मोबाइलवर गलिच्छ चित्र टाकतो आणि गावात तणाव होतो. आमचे म्हणणे असे की त्यासाठी उघडा कायदा आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आपल्या दिवंगत आदरणीय व्यक्तींचा शब्दांनी वा अन्य प्रकारे अनादर करणे हा गुन्हा ठरला आहे. फिर्याद द्या, न्यायालयात उभे करा, शिक्षा होऊ द्या. तिथे आरोपी दिसतो, पुरावा दिसतो, निकाल वाचता येतो. गुप्त बंदीत यांपैकी काहीच नसते.

२०१२ चे व्यंगचित्र प्रकरण आठवा. एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात शंकर यांचे १९४९ चे चित्र होते: बाबासाहेब गोगलगायीवर आणि मागे चाबूक घेऊन नेहरू. आपला संताप खरा होता. ते चित्र छापताना कोणाच्या मनात हा विचार आला नाही की चाळीस मुलांच्या वर्गात आपला एकच मुलगा बसलेला असेल आणि त्या पानावर वर्ग हसेल तेव्हा तो कोणाकडे बघेल. पाठ्यपुस्तक करणाऱ्यांना हा प्रश्न विचारणे आपला अधिकारच होता. पण १२ मे रोजी पुणे विद्यापीठात सुहास पळशीकर यांच्या कार्यालयाची तोडफोड झाली, ती चुकीची होती, असे आम्ही म्हणतो. ज्या चळवळीने लाठ्यांना लेखणीने उत्तर दिले तिला ते शोभले नाही. आणि पुढे काय झाले? संसदेत सर्व पक्षांचे खासदार अचानक बाबासाहेबांचे भक्त झाले आणि या संधीत पुढाऱ्यांची टर उडवणारी इतर चित्रेही काढून टाकण्याची मागणी झाली. डॉ. सुखदेव थोरात यांच्या समितीने आणखी काही चित्रे वगळण्याची शिफारस केली; एम. एस. एस. पांडियन यांनी मात्र वेगळे मत नोंदवले. राज्यकर्त्यांनी आपल्या खांद्यावर बंदूक ठेवून स्वतःची शिकार साधली, हे आपल्या लक्षात आले काय?

वास्तविक बंदीची मागणी कशी उलटते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. १९८७ साली शासनाने बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड, ‘रिडल्स’, प्रसिद्ध केला तेव्हा शिवसेनेने आणि इतरांनी त्यातील राम-कृष्णाविषयीचे प्रकरण वगळण्यासाठी रान उठवले. फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईत भीमसागर उसळला, तेव्हा कुठे शासन या मताशी सहमत नाही अशी तळटीप घालून ते प्रकरण राहिले. भावना दुखावल्या म्हणून मजकूर कापायचा, हा नियम एकदा मान्य केला तर सर्वांत आधी कात्री कोणत्या ग्रंथावर चालेल?

कलम १९(२) मधील ‘वाजवी’ हा शब्द १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आला आणि तेव्हा बाबासाहेब कायदामंत्री होते. अभिव्यक्तीवर निर्बंध असू शकतात, हे त्यांना मान्य होते. पण तो निर्बंध वाजवी आहे की नाही, हे न्यायालयात तपासता आले पाहिजे, ही मेख त्या एका शब्दात आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयात शिकवणारे काश्मिरी प्राध्यापक जावेद अहमद हजाम यांनी कलम ३७० हटवण्यावर टीका करणारे व्हॉट्सॲप स्टेटस ठेवले म्हणून त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०२४ रोजी तो रद्द केला. शिक्षकाला मत असू शकते, एवढे मान्य करून घ्यायला दिल्लीपर्यंत जावे लागले.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतील दलित संशोधक रामदास प्रिनी शिवानंदन यांना एप्रिल २०२४ मध्ये दोन वर्षांसाठी निलंबित केले गेले. दिल्लीतील मोर्चात सहभागाबरोबरच ‘राम के नाम’ हा माहितीपट पाहण्याचे आवाहन केल्याचेही कारण दाखवले गेले. १९९२ चा हा आनंद पटवर्धन यांचा माहितीपट राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला आहे! मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या निलंबनाचा काळ कमी केला आणि शिक्षण पुढे सुरू ठेवण्याची वाट मोकळी केली. तोवर वर्ष गेले होते. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कोणी पीएच.डी.पर्यंत पोहोचले, त्याच्या वर्षाची किंमत कोण भरून देणार?

आणि हे फक्त सरकार करते असेही नाही. एप्रिल २०२२ मध्ये दलित इतिहास मास साजरा होत असताना गुगलने अमेरिकेतील दलित कार्यकर्त्या थेनमोळी सौंदरराजन यांचे जातीवरील व्याख्यान ठरवले. काही कर्मचाऱ्यांनी त्यांच्यावर हिंदूद्वेषाचा शिक्का मारला आणि कंपनीने व्याख्यान रद्द केले. निमंत्रण देणाऱ्या तनुजा गुप्ता यांना शेवटी नोकरी सोडावी लागली. साऱ्या जगाला माहिती शोधून देणाऱ्या कंपनीत जातीविषयी तासभर बोलता येत नाही. वाचताना १९३६ चे लाहोर आठवल्याशिवाय राहत नाही. जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले, भाषण आधी मागवून वाचले, काही भाग गाळा म्हणाले. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली. बाबासाहेबांनी स्वखर्चाने १५०० प्रती छापल्या आणि दोन महिन्यांत त्या संपल्या. दुसऱ्याचे व्यासपीठ गेले तर आपला छापखाना, असा तो हिशेब होता.

तोच हिशेब आज करायचा तर काय लागेल? फार पैसा लागणार नाही. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील स्वामित्व हक्क २०१६ अखेर संपला आहे. ‘जातिनिर्मूलन’चे पान कोणाच्याही परवानगीविना स्लाइडवर टाकता येते. इतर पुस्तकांतील उतारे शिक्षकाने वर्गात शिकवण्यासाठी वापरले तर स्वामित्व कायद्याचे कलम ५२ त्याला संरक्षण देते. मुख्याध्यापकांनी उगाच घाबरू नये. शासनाच्या भरवशावर राहण्याचे फळ आपण पाहिले आहे. खंडांच्या नऊ लाख प्रती छापण्याचा निर्णय होऊन कागद पडून राहिला आणि २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला वृत्तपत्रातील बातमीवरून स्वतःहून दखल घ्यावी लागली.

मायक्रोसॉफ्टची विकतची प्रत नसली तरी अडत नाही; लिबर-ऑफिसमधील ‘इम्प्रेस’ फुकट आहे आणि पाठ त्यातही होतो. मात्र मराठी युनिकोडमध्येच टाइप करावे. जुन्या फॉन्टमध्ये केलेली कितीतरी उत्तम सादरीकरणे दुसऱ्या संगणकावर उघडताच चौकोन आणि किड्यामुंग्या होऊन बसली. जयंतीला मेहनतीने केलेले काम पुढच्या जयंतीला वाचताही आले नाही, असे अनेक मंडळांत घडले असेल. ही आपण आपल्यावरच घातलेली बंदी! आणि पाठ नेटवर ठेवून भागणार नाही. तो पेनड्राइव्हवर हवा, विहाराच्या वाचनालयातल्या संगणकावर हवा, दोन-तीन शिक्षकांच्या घरी हवा, म्हणजे नेट गेले, पान अडवले, खाते बंद पडले, तरी वर्ग चालू राहील. देऊळघाटसारख्या गावात त्याची एक उर्दू प्रतही हवी. ताराबाईंनी विधवेच्या बाजूने जे विचारले, ते उर्दू शाळेतल्या मुलीलाही तिच्या भाषेत कळू द्या.

३ जानेवारीला सावित्रीमाईंची जयंती आहे. जिल्ह्यातील आपल्या शिक्षक संघटनांनी त्या दिवसापर्यंत प्रत्येकी एक पाठ तयार करून एकमेकांना द्यावा: महाड, खैरलांजी, संविधान सभा, ज्याला जो जमेल तो. शेवटच्या दोन स्लाइड कोऱ्या ठेवाव्यात, मुलींनी भरण्यासाठी. बुलडाणा तालुक्याने ताराबाईंपासून सुरुवात करावी. पुस्तक १८८२ चे आहे. त्यावर आता कोणाचाही मालकी हक्क नाही.